सोलापूरच्या उन्हात विकराची परीक्षा: तापमानाचा प्रयोग कसा करावा, कुठे फसतो, काय दाखवतो

‘एक परीक्षानळी खोलीच्या तापमानाला ठेवा, दुसरी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि फरक पाहा.’ लाळेतलं विकर स्टार्च किती वेगानं तोडतं हे पाहायचा हा प्रयोग. प्रयोगवहीतलं हे वाक्य वाचून मी तो पहिल्यांदा उन्हाळी सुट्टीतल्या विज्ञानवर्गात करून घेतला. मे महिना, दुपारचे दोन, आणि गाव सोलापूर. स्टार्च आहे हे दाखवणारा आयोडीनचा निळा रंग दोन्ही नळ्यांतून जवळजवळ एकाच वेळी गेला. मुलं माझ्या तोंडाकडे बघू लागली. काहीतरी चुकलं असं म्हणून मी तास आवरता घेतला. संध्याकाळी पाच वाजता थर्मामीटर घेऊन त्याच पत्र्याच्या खोलीत उभी राहिले, तेव्हा तो अजून ३८ अंश दाखवत होता. विकरानं आपलं काम चोख केलं होतं. ‘खोलीचं तापमान’ हा शब्द मी मोजल्याशिवाय मान्य केला, ही चूक माझी होती.

तेव्हापासून हा प्रयोग मी बऱ्याचदा केला आहे, मुलांबरोबर आणि एकटीनंही. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळी रीत इथे सांगते. नववी-दहावीच्या मुलांना झेपेल असा आहे, घरच्या ओट्यावर होतो, खर्च फारसा नाही. मात्र गरम पाणी आहे, तेव्हा मोठं माणूस जवळ हवं.

आपण नेमकं काय बघणार आहोत

कडक भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन भाजी-चटणीशिवाय चावत राहा. दोन-तीन मिनिटांनी तो किंचित गोड लागायला लागतो. भाकरीत साखर नव्हती. लाळेतल्या अमायलेज नावाच्या विकरानं ज्वारीतल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची माल्टोज ही साखर केली. विकर म्हणजे एन्झाइम: सजीवांच्या शरीरातली रासायनिक कामं वेगानं उरकणारी, आणि ते करताना स्वतः न संपणारी प्रथिनं.

आता विकराचा वेग तापमानावर कसा अवलंबून असतो? तापमान वाढलं की पाण्यातले रेणू जोरात हलतात, विकर आणि स्टार्च जास्त वेळा एकमेकांना भिडतात, काम वेगानं होतं. पण विकर हा नुसता रेणू नाही, ती विशिष्ट घडी घातलेली प्रथिनाची साखळी आहे. त्या घडीत एक खाच असते आणि स्टार्चची साखळी त्या खाचेत बसते तेव्हाच तुटते. घडी धरून ठेवणारे बंध नाजूक असतात. उष्णता एका हद्दीपलीकडे गेली की घडी उलगडते, खाच राहत नाही. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर जसा परत पातळ होत नाही, तसंच हे. याला डिनॅच्युरेशन म्हणतात.

म्हणजे गार केल्यावर विकराचं काम थांबतं आणि उकळल्यावरही थांबतं, पण ही दोन थांबणी एकसारखी नाहीत. थंडीत ते झोपतं, उष्णतेत मोडतं. बहुतेक पाठ्यपुस्तकी प्रयोग हा फरक दाखवायच्या आधीच संपतात, आणि मला या प्रयोगातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते. पुढे तिच्यासाठी एक वेगळी पायरी ठेवली आहे, ती कृपा करून गाळू नका.

सामान

काचेच्या आठ-दहा परीक्षानळ्या. नसतील तर औषधाच्या स्वच्छ धुतलेल्या छोट्या काचेच्या बाटल्या. बिनसुईच्या दोन सिरिंज, एक ५ मिलीची आणि एक १० मिलीची, मेडिकलमध्ये मिळतात आणि मोजमापाला उत्तम. दोन-तीन ड्रॉपर. पांढरी गुळगुळीत टाइल किंवा चिनी मातीची बशी. मोबाइलमधलं स्टॉपवॉच. तीन-चार मोठी पातेली, बर्फ, असेल तर एक थर्मास. आणि वही.

थर्मामीटर प्रयोगशाळेतला, ० ते ११० अंशांचा, शक्यतो लाल स्पिरिटचा घ्या. ताप बघायचा थर्मामीटर अजिबात नको. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो, आणि जुना पाऱ्याचा असेल तर गरम पाण्यात फुटून पारा घरभर होईल.

स्टार्च उरला आहे का हे ओळखायला आयोडीन लागतं: स्टार्च भेटला की ते निळं-काळं होतं, नसेल तर पिवळसरच राहतं. ते शाळेच्या प्रयोगशाळेत असतं. नसेल तर मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन, किंवा जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीनचं तपकिरी औषधही चालतं. पाणी घालून ते बिनदुधाच्या फिक्क्या चहासारखं दिसेल इतकं पातळ करा. ते पोटात जाऊ देऊ नका आणि कपड्यांना जपा. डाग पडलाच तर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून त्यानं पुसा, लगेच जातो. या डाग जाण्याचा आपल्या प्रयोगाशी संबंध आहे, तो थोड्याच वेळात येईल.

स्टार्च आणि लाळ

एक सपाट चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर दोन-तीन चमचे गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. अर्धा लिटर पाणी उकळत ठेवा, त्यात हे कालवलेलं ओता आणि ढवळत दोन मिनिटं उकळा. दुधट, पातळ पेज तयार होईल. गार होऊ द्या. उकळायचं कारण असं की कच्च्या स्टार्चचे दाणे घट्ट असतात, विकराला सहजी आत शिरता येत नाही. शिजल्यावर ते फुगून उघडतात. पेज त्याच दिवशी वापरा. आपल्याकडच्या हवेत रात्रभर बाहेर राहिली तर ती आंबते, आणि मग जिवाणूंनीच स्टार्च तोडलेला असतो.

दुसरीकडे १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, मीठ विरघळवा. लाळेतल्या अमायलेजला नीट काम करायला क्लोराइड लागतं. नुसत्या शुद्ध पाण्यात लाळ पातळ केली तर विकर मंदावतं, आणि आपण उगाच तापमानाला दोष देत बसतो.

लाळ देणाऱ्यानं आधी साध्या पाण्यानं दोनदा चूळ भरायची आणि पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. मग स्वच्छ कपात २ मिली लाळ जमवायची. त्यातली १ मिली सिरिंजनं घेऊन ९ मिली मिठाच्या पाण्यात मिसळायची. ज्याची लाळ त्यानंच हाताळायची, आणि प्रयोगानंतर सगळ्या नळ्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या.

चूळ भरायचं मी इतकं बजावून का सांगते? एकदा एक मुलगा नुकताच लिंबू सरबत पिऊन आला होता. त्याच्या नळीतला निळा रंग क्षणात गेला, अगदी बर्फातल्या नळीतलाही! सगळे खूश झाले. पण आयोडीन स्टार्चला न भेटता जसं पिवळसर दिसतं, तो पिवळेपणाही तिथे नव्हता. थेंब पाण्यासारखा स्वच्छ झाला होता. लिंबातल्या व्हिटॅमिन सीनं आयोडीनच संपवलं होतं, डाग घालवतं तसं. स्टार्च तिथेच होता. म्हणून लक्षात ठेवा: खरा शेवट म्हणजे आयोडीनचा स्वतःचा पिवळा-तपकिरी रंग तसाच राहणं. पिवळाही गेला तर काहीतरी भेसळ आहे.

रंगीत तालीम

थेट मुख्य प्रयोगाला हात घालू नका. माणसामाणसाच्या लाळेत अमायलेजचं प्रमाण फार वेगळं असतं. हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या कुणाकडे दोनच प्रती असतात, तर कुणाकडे दहा-बारा. तेव्हा एकाच्या लाळेत रंग अर्ध्या मिनिटात जातो, दुसऱ्याच्या लाळेत पंधरा मिनिटं लागतात.

एका नळीत ५ मिली पेज घ्या, ३७ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. त्यात पातळ केलेली लाळ १ मिली घाला, ढवळा, स्टॉपवॉच सुरू करा. टाइलवर आधीच आयोडीनचे थेंब ओळीनं टाकून ठेवा. दर ३० सेकंदांनी नळीतला एक थेंब काढून पुढच्या आयोडीनच्या थेंबात टाका. पहिला थेंब गर्द निळा-काळा होईल. मग जांभळा, मग लालसर तपकिरी, आणि शेवटी आयोडीनचाच पिवळा. तो पिवळा यायला किती वेळ लागला ते लिहा.

हा वेळ तीन ते पाच मिनिटांत बसला पाहिजे. त्याहून लवकर रंग जात असेल तर लाळ आणखी मिठाच्या पाण्यानं पातळ करा. फार रेंगाळत असेल तर कमी पातळ करा. तालमीत ठरलेलं प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. पूर्ण प्रयोगाला पुरेल इतकी पातळ लाळ एकदाच करून बर्फात ठेवा.

पातेली आणि पाणी

किमान पाच तापमानं घ्या: बर्फाचं पाणी, २५ अंश, ३७ अंश, ५० अंश आणि ८० अंश. जमलं तर ३० आणि ६०सुद्धा.

मे महिन्यात सोलापुरात गरम पाण्याची चिंता नाही, गार पाण्याची आहे. गच्चीवरच्या टाकीच्या नळाला दुपारी मी थर्मामीटर लावला तेव्हा ४३ अंश भरले. ३७ अंशांचं पातेलं करायला त्यात गार पाणी घालावं लागलं. २५ अंशांसाठी माझा आधार माठ आहे. हवा कोरडी असली की माठाच्या अंगावरून पाणी भराभर उडून जातं आणि आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा बरंच खाली येतं. माझ्या माठात भर दुपारी २६ होतं. थोडा बर्फ टाकला की २५. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हाच प्रयोग केलात तर सगळं उलटं: पहाटेचं पाणी आधीच गार असतं आणि ३७ला न्यायला शेगडी लागते. दोन्ही ऋतूंत करून पाहावा असा प्रयोग आहे. ‘खोलीचं तापमान’ या ओळीपुढे दर वेळी वेगळा आकडा लिहावा लागतो, ते मुलांच्या मनात फार घट्ट बसतं.

पातेलं मोठं घ्या, चार-पाच लिटर पाण्याचं. थोडं पाणी लवकर निवतं, जास्त पाणी तापमान धरून ठेवतं. गॅसवरून उतरवल्यावर पातेल्याभोवती जुन्या चादरीची घडी गुंडाळली की पाणी बरंच हळू निवतं. दर दोन मिनिटांनी थर्मामीटर बघा, गरज पडली तर कपभर गरम पाणी घाला. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही आकडे लिहा. ‘५० अंश’ असं नुसतं लिहिण्यापेक्षा ‘५१ ते ४८’ लिहिणं जास्त प्रामाणिक आहे.

मुख्य प्रयोग

प्रत्येक पातेल्यात दोन नळ्या ठेवा: एकीत ५ मिली पेज, दुसरीत १ मिली पातळ लाळ. मिसळू नका. दोन्ही पाच मिनिटं तशाच राहू द्या. गार पेजेत लाळ घालून मग नळी ८० अंशांत ठेवली, तर नळी तापेपर्यंत मधल्या कोमट मिनिटांत विकर आपलं काम उरकून घेतं आणि ८० अंशांनाही ते चालतं असा उलटा निष्कर्ष निघतो. नवख्यांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते.

पाच मिनिटांनी लाळ पेजेत ओता, ढवळा, वेळ सुरू करा, दर ३० सेकंदांनी थेंब तपासा. प्रत्येक पातेल्यासाठी ड्रॉपर वेगळा, किंवा मध्ये दोनदा धुतलेला. वीस मिनिटांपर्यंत थांबा. तोवर निळा गेला नाही तर वहीत ‘२० मिनिटांत नाही’ असं लिहा.

शिवाय प्रत्येक तापमानाला एक नळी अशी ठेवा की जिच्यात पेज आणि १ मिली मिठाचं पाणी आहे, लाळ नाही. ती शेवटपर्यंत निळी राहिली तरच म्हणता येईल की रंग विकरानं घालवला, नुसत्या उष्णतेनं नाही. कंटाळा येतो या नळ्यांचा, मला माहीत आहे. पण त्यांच्याशिवाय बाकीच्या नळ्या काहीच सिद्ध करत नाहीत.

गरम नळीत आयोडीन टाकू नका

काही जण थेंब काढण्याऐवजी आयोडीन थेट नळीतच टाकतात. तसं केलं तर ८० अंशांच्या नळीत निळा रंग दिसतच नाही किंवा फारच फिका दिसतो, आणि ‘उकळत्या पाण्यात विकर सर्वांत वेगानं चालतं’ असं वहीत लिहिलं जातं. मी अशा वह्या तपासल्या आहेत.

निळा रंग येतो तो स्टार्चच्या साखळीला स्प्रिंगसारखी वेटोळी असतात आणि आयोडीन त्या वेटोळ्यात अडकून बसतं म्हणून. पाणी तापलं की वेटोळं सैल होतं, आयोडीन निसटतं, रंग उडतो. गार केलं की परत येतो. हे स्वतंत्रपणे करून बघा: नुसत्या पेजेत आयोडीनचा थेंब टाका, नळी गरम पाण्यात धरा, रंग जाईल, नळाखाली गार करा, निळा परत येईल. मुलांना हा जादूचा खेळ वाटतो, आणि त्याच क्षणी त्यांना कळतं की रंग गेला म्हणजे स्टार्च गेला असं नाही. टाइलवर थेंब टाकायची रीत याचसाठी आहे: एवढासा थेंब टाइलवर पडताच निवतो.

दोघांना परत ३७ अंशांत आणा

वीस मिनिटं झाली. बर्फातली नळी अजून निळी आहे. ८० अंशांतली नळीही निळी आहे. टाइलवरचे दोन थेंब शेजारी ठेवले तर ओळखता येणार नाही कोणता कुणाचा. आता या दोन्ही नळ्या उचला आणि ३७ अंशांच्या पातेल्यात ठेवा. पाच मिनिटं तापमान जुळू द्या आणि पुन्हा दर ३० सेकंदांनी थेंब घ्या.

बर्फातून आलेली नळी हळूहळू जांभळी, मग तपकिरी, मग पिवळी होते. ८०मधून आलेली निळीच राहते. अर्धा तास थांबा, तासभर थांबा, ती निळीच राहते. तापमान दोघींचं एक आहे, स्टार्च एक आहे, लाळ एकाच कपातली आहे. फरक फक्त त्या कुठून आल्या याचा.

ही पायरी करताना मी मुलांना आधी अंदाज लिहायला लावते. निम्मी तरी मुलं लिहितात की दोन्ही नळ्या सारख्याच वागतील. मग शंभरातला एक मुलगा विचारतो की ८०ची नळी ३७ला आणण्याऐवजी बर्फात ठेवली तर सुधारेल का. त्याला करू द्या. सुधारत नाही, पण त्यानं ते स्वतः पाहिलेलं बरं.

आकडे मांडणं

पिवळा यायला लागलेले सेकंद घ्या आणि १००० ला त्यानं भागा. समजा ३७ अंशांना २५० सेकंद लागले, तर वेग ४. समजा २५ अंशांना ५०० लागले, तर वेग २. जिथे रंग गेलाच नाही तिथे वेग शून्य धरा. आलेख कागदावर आडव्या रेषेवर तापमान, उभ्या रेषेवर वेग. डावीकडून चढ हळू येतो, मग शिखर, आणि मग उजवीकडे कडा तुटावा तसा उतार. हा बेढब आकारच खरा आहे. प्रयोगवहीत छापलेला दोन्हीकडे सारखा उतरणारा डोंगर मुलं नक्कल करून काढतात; त्यांना तसं करू देऊ नका.

चढाच्या भागात एक गंमत मोजता येते. तापमान १० अंशांनी वाढलं की वेग किती पट झाला ते पाहा. बऱ्याच विकरांच्या बाबतीत तो साधारण दुप्पट होतो. तुमच्या आलेखावरून २० आणि ३० किंवा २५ आणि ३५ अंशांचे वेग वाचून हे तपासा. पावणेदोन पट आला किंवा सव्वादोन पट आला तरी तो तसाच लिहा.

५० अंशांचं कोडं

५० अंशांच्या नळीत अनेकदा असं दिसतं की पहिल्या मिनिटांत रंग ३७ अंशांपेक्षाही वेगानं उतरतो. मग लाळेचं विकर ३७ अंशांना सर्वांत चांगलं चालतं, हे पुस्तकातलं वाक्य खोटं का?

खोटं नाही, अपुरं आहे. ५० अंशांना प्रत्येक विकररेणू वेगानं काम करतो, आणि त्याच वेळी एकेक रेणू मोडतही जातो. घड्याळ लवकर थांबवलं तर वेग दिसतो, उशिरा थांबवलं तर मोडणं दिसतं. ‘सर्वोत्तम तापमान’ हा आकडा तुम्ही किती वेळ मोजलं यावर हलतो. शरीराला विकर दिवसभर टिकणारं हवं असतं, पाच मिनिटांचं नाही.

हे दाखवायला वेगळा प्रयोग आहे. पातळ लाळ एकटीच, पेजेशिवाय, ६० अंशांच्या पाण्यात ठेवा. एक मिनिटानं त्यातली १ मिली काढा, मग पाच मिनिटांनी, मग पंधरा मिनिटांनी. प्रत्येक भाग लगेच ३७ अंशांच्या पेजेत घालून वेळ मोजा. जितका वेळ ६०मध्ये गेला, तितका उरलेला दम कमी. इथे तापमान एकच आहे, बदलली ती फक्त मिनिटं. मला विचाराल तर हा भाग मुख्य प्रयोगापेक्षाही जास्त शिकवतो, आणि शाळेत तो जवळजवळ कुणीच करत नाही.

मागावरच्या धाग्यापर्यंत

आपल्या गावात हा प्रयोग नुसता वहीतला नाही. मागावर ताण्याचे धागे सतत ओढ आणि घासणं सोसतात, तुटू नयेत म्हणून सुती धाग्यांना स्टार्चची खळ देतात. पण खळ राहिलेला टॉवेल पाणी टिपत नाही आणि रंगही सारखा घेत नाही, म्हणून विणून झाल्यावर ती काढावी लागते. आम्लानं काढली तर सुतालाही इजा होते. अमायलेज मात्र फक्त स्टार्च तोडतं. स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, पण त्यांचे सांधे वेगळे, आणि सेल्युलोजचा सांधा अमायलेजच्या खाचेत बसत नाही.

या कामाला लाळेसारखं नाजूक विकर उपयोगाचं नाही, कारण खळ गरम पाण्यात फुगते आणि तेव्हाच नीट सुटते. म्हणून जिवाणूंपासून मिळवलेली अमायलेज वापरतात. काही ६० ते ७० अंशांना काम करतात, काही ९० अंशांच्या वरही टिकतात. तेही प्रथिनच आहे, पण त्याची घडी जास्त घट्ट धरलेली असते. आणि खळ पूर्ण गेली का हे कसं बघतात? कापडावर आयोडीनचा थेंब टाकून. निळ्या-जांभळ्या डागाची छटा १ ते ९ आकड्यांच्या टेगेवा पट्टीशी ताडून पाहतात, ९ म्हणजे खळ पूर्ण निघालेली. तुमच्या टाइलवरचाच थेंब तिथे टॉवेलवर पडतो. कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटाचा चिंधीएवढा तुकडा मिळाला तर त्यावर थेंब टाकून बघा, बहुतेक निळा होईल.

पुढचा प्रयोग: ज्वारीचे मोड

लाळेचा संकोच वाटत असेल, किंवा वेगळं विकर पाहायचं असेल, तर मोड आलेली ज्वारी घ्या. १८३३ मध्ये फ्रान्समध्ये पायेन आणि पेर्सो यांनी मोड आलेल्या जवापासून स्टार्च तोडणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला डायस्टेज नाव दिलं. उष्णतेनं त्याची ताकद जाते हेही तेव्हाच ध्यानात आलं होतं. त्यांनी जव घेतले, आपल्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी आहे.

खायची ज्वारी घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते हातातही नको. मूठभर ज्वारी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून तीन दिवस ठेवा, फडकं सुकू देऊ नका. मोड आल्यावर सावलीत वाळवा, मोड आणि मुळं चोळून काढून टाका, दाणे भरड कुटा. दोन चमचे भरड ५० मिली मिठाच्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, मग मलमलीतून गाळा आणि गाळ खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी म्हणजे तुमचं विकर. त्यात थोडा स्टार्च उतरलेला असू शकतो, म्हणून आधी त्याच्या एका थेंबाची आयोडीननं परीक्षा करा. आणि हे पाणी किंवा ते मोड चाखू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत धुरीन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती यानंच.

आता दोनच पातेली पुरेत: ३७ आणि ६० अंशांची. दोन्हींत एकदा लाळ, एकदा ज्वारीचं पाणी, बाकी सगळी रीत वरचीच. तालीम वेगळी करावी लागेल, कारण ज्वारीच्या पाण्याची ताकद वेगळी असते. लाळेचा ३७ चा वेळ आणि ६० चा वेळ एका ओळीत लिहा, त्याखाली ज्वारीचे दोन वेळ. धान्यातलं हे अमायलेज लाळेतल्यापेक्षा उष्णता बरीच सोसतं, त्यामुळे दोन ओळी उलट्या दिशेनं जाताना दिसतील. तशा दिसल्या नाहीत तर आधी पातेल्यातला थर्मामीटर पुन्हा बघा, मग पाणी नीट गाळलं होतं का ते बघा, आणि त्यानंतरच दुसऱ्या मुठीचे मोड काढायला ठेवा.